टाक्यातलं पाणी

पावसाळ्याचे चार महिने आमचं बिऱ्हाड लेण्यात असायचं. पुढं मी हर्सूलच्या बाजूला एका शाळेत शिकवायला लागले, तेव्हा वर्गात हे कधी बोलून गेले की मुली एकमेकींकडं बघून हसायच्या. त्यांना लेणी म्हणजे सहलीची जागा, तिकीट काढून बघायची आणि फोटो काढून परत यायची. आमच्या लेण्याला तिकीट नव्हतं, पाटी नव्हती, आणि खरं सांगायचं तर नावसुद्धा नव्हतं. पिशोरच्या पलीकडं डोंगर सुरू होतो, तिथं एका घळीत सालई आणि धावड्याची इतकी दाटी होती की वरच्या पठारावर उभं राहून खाली पाहिलं तर नुसता झाडोरा दिसायचा. त्या झाडोऱ्याच्या पोटात कातळ कोरून केलेला एक मोठा दिवाणखाना होता. पुढचे खांब काही उभे, काही अर्ध्यातून तुटलेले. आत तिन्ही बाजूंना लहान लहान खोल्या आणि अगदी मागच्या भिंतीत मांडी घालून बसलेली एक मूर्ती. तिचं नाक झिजून गेलं होतं, पण ओठांवरचं शांतपण तेवढं राहिलं होतं. आम्ही तिला जोगीबाबा म्हणायचो. जोगीबाबा कोण, कुठला, हे आमच्यातल्या कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारावंसंही कधी वाटलं नाही. घरातलं म्हातारं माणूस कोपऱ्यात बसलेलं असावं तसा तो होता.

आम्ही मेंढपाळ. काळ्या रानातल्या चिखलात मेंढरांचे खूर सडतात, म्हणून पाऊस पडायला लागला की ही मुरमाड डोंगराची बाजू धरायची, आणि दिवाळीनंतर खाली गोदावरीच्या अंगाला कापणी झालेल्या रानांत मेंढरांचा वाडा बसवत हिंडायचं, असा आमचा वर्षाचा फेरा. पण मला मनापासून आवडायचे ते लेण्यातले महिने. पाऊस लागला की लेण्याच्या तोंडावरच्या कपाळपट्टीवरून पाण्याचा पडदा खाली पडायचा आणि आम्ही त्याच्या आत कोरडे. लहान खोल्यांत कोकरं कोंडलेली असायची. प्रत्येक खोलीतून वेगळा आवाज यायचा आणि सगळे आवाज मधल्या दिवाणखान्यात येऊन एकमेकांत मिसळायचे. आत्या शिंकली तर ती शिंक खांबाखांबाला लागून परत यायची आणि मग आत्या स्वतःच हसायची. चूल पुढच्या पडवीत, वाऱ्याला पाठ करून मांडलेली. हुलग्याचं गरम माडगं, बाजरीची भाकरी, कधी अंबाडीची भाजी, आणि शेळी व्यायली की चीक. ओल्या घोंगडीचा, लेंड्यांचा, धुराचा आणि पाकोळ्यांचा असा एक मिळून वास त्या जागेला होता. आजही कुठल्या जुन्या देवळात शिरले आणि पाकोळ्यांचा वास आला की मला देव आठवत नाही, भूक लागते.

घरात माणसं थोडी. माझे वडील, त्यांना मी दादा म्हणायची. बोलणं कमी, पण मेंढराच्या खोकण्यावरून ते कुठल्या मेंढीचं, हे झोपेतही सांगतील असे. माय त्यांच्याहून कमी बोलणारी. दोघांच्या वाटचं बोलायला धोंडाआत्या होती, दादांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली ती मेंढरं घेऊनच. त्यामुळं कळपातली निम्मी जनावरं तिची आणि घरातला निम्म्याहून जास्त आवाजही तिचाच. मी एकटीच लेक, तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. पिशोरच्या शाळेत नाव घातलेलं होतं, पण मास्तरांनी मला पुस्तकांपेक्षा हजेरीत जास्त शोधलं असेल.

ज्या वर्षाची गोष्ट सांगायची आहे, त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर दादा कड्यावरून घसरले. खाली अडकलेली एक गाभण मेंढी ते वर घेत होते. मेंढी वर आली, दादा खाली गेले. मांडीचं हाड मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधून दिल्या आणि हलायचं नाही म्हणून बजावलं. आमच्या भावकीचे वाडे खाली गोदाकाठाला निघून गेले. ते म्हणत होते, तुमची मेंढरं आम्ही नेतो. पण आत्यानं मान हलवली. मेंढरं परक्या हाकेला चालत नाहीत, वाटेत निम्मी हरवतील, असं तिचं म्हणणं. मग आम्ही सगळेच लेण्यात राहिलो. हिवाळा सुखात गेला. दादा पडवीत घोंगडीवर पडून राहायचे, मी, माय आणि आत्या आळीपाळीनं जनावरं फिरवायचो. मला वाटायचं, आता आपण कायमचेच इथले.

होळी झाली आणि घळीतला ओढा आटला. आधी डोह राहिले, मग डोहांचा चिखल झाला, मग चिखलालाही भेगा पडल्या. पाऊसच त्या वर्षी हात राखून पडला होता. पठारापलीकडच्या गावात एक विहीर होती, तिथवर मेंढरं नेऊन आणण्यातच दिवस सरायचा, आणि गावकरी तरी रोज एवढ्या जनावरांना पाणी का पाजू देतील? त्यांच्याच घागरी भरत नव्हत्या. पोटाला काही नसलेली मेंढी ओरडते. तहानलेली मेंढी ओरडत नाही, नुसती उभी राहते. त्या दिवसांत लेण्यात फार शांतता होती.

लोकर न्यायला यूसुफचाचा यायचे. शहरात त्यांचा घोंगड्यांचा धंदा. मी शहर म्हणते ते तेव्हाचं औरंगाबाद, आताचं संभाजीनगर. माझ्या तोंडात दोन्ही नावं येतात आणि रिक्षावाल्यांना दोन्ही कळतात. दादांच्या लग्नातही चाचा जेवून गेले होते, इतका जुना घरोबा. ते आले, मेंढरांच्या पाठीवरून हात फिरवला आणि दादांजवळ गुडघे दुमडून बसले.

दादा म्हणाले, "चाचा, औंदा लोकर न्यायला नगा येऊ. गिऱ्हाईक बघा. समदी काढायची हायती."

"कायकू, म्हादबाभाई? इत्ते अच्छे जानवर. पाय नीट होईल तुमचा, मग काय करणार?"

"पाय होईल नीट. तवर ही जगत्यात का? डोळ्यांदेखत मरण्यापरीस गेलेली बरी."

चाचांनी जवळच्या मेंढीची लोकर बोटांत धरून पाहिली. मग म्हणाले, "हौ. बाजार के बाद टेम्पो लेके आतूँ. पर मेरा दिल नक्को बोलरा."

आत्या हे सगळं ऐकत होती. एरवी तिनं मध्ये तोंड घातलं असतं, त्या दिवशी ती उठून बाहेर गेली. मी मागोमाग गेले तर ती अंगणाच्या टोकाला कातळाला टेकून बसली होती. अंगण म्हणजे लेण्यापुढची मोकळी जागा. तिथं वरून पडलेली माती आणि दगड साचून उंचवटा झाला होता. मी तिच्याजवळ बसले. रडू येत होतं, पण आत्यासमोर रडायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी जमिनीकडं बघत राहिले. आणि बघता बघता मला दिसलं की कातळाच्या कडेला एका वितीएवढ्या जागेत माश्या बसल्यात. मधाच्या माश्या. येतात, माती चोखल्यासारखं करतात, उडून जातात. सगळं रान करपलं होतं आणि तेवढ्या जागेत उंबराचं एक बोटभर रोप हिरवं होतं.

"आत्या, माश्या काय पित्यात?"

तिनं पाहिलं. मग हातानंच माती उकरायला लागली. कोपरभर खाली माती गार लागली आणि मातीच्या बाजूला दगडाची एक धार लागली, अगदी सरळ, सुतानं आखल्यासारखी. आत्या गुडघ्यांवर बसली. "पोरी, ही कोरल्याली हाय," ती म्हणाली. "हितं टाकं हाय. जोग्याचं टाकं हाय हे."

पुढं मी वाचलं, की जिथं भिक्खू राहात तिथं खडकात अशी टाकी खोदत. माणूस जिथं राहील तिथं त्याला पाणी लागणारच, यात वाचून कळण्यासारखं काही नाही, पण तोवर आमच्या लक्षात आलं नव्हतं एवढं खरं. आमचा सगळा वावर पावसाळ्यातला, तेव्हा पाणी शोधायची गरजच कुणाला पडत होती?

आम्ही तिघी खोदायला लागलो. एक कुदळ, एक पहार आणि पाटी. दोन-तीन दिवसांत टाक्याच्या दोन कडा मोकळ्या झाल्या आणि आम्हाला कळून चुकलं की हे आमच्या आवाक्यातलं काम नाही. टाकं चांगलं खोलीएवढं रुंद होतं आणि किती खोल आहे याचा पत्ता नव्हता. बाजार, म्हणजे चाचांचा टेम्पो, जवळ येत होता. माझ्या तळहातांना फोड आले होते, माय संध्याकाळी भाकरी थापताना कण्हायची. तेव्हा ती, जी सहसा बोलत नसे, दादांना म्हणाली, "शेवंताला बोलवावं का?"

शेवंताबाई खालच्या गावच्या बौद्धवाड्यातली. डिंक आणि जळण गोळा करायला ती घळीत यायची, आमच्या पडवीत सावलीला टेकायची, आत्याशी तंबाखू वाटून घ्यायची. वाड्यातल्या बायांत तिचा शब्द चालायचा. त्या गावच्या विहिरीवर मात्र वाड्यातल्या बायांना दोर सोडू देत नसत. बाजूला घागरी मांडून बसायचं, कुणी वरून ओतलं तर न्यायचं. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. त्या वयात मला ते ऊन पडण्यासारखं वाटायचं, असतंच म्हणून असणारं.

दादा म्हणाले, "बोलवायला काय नाय. पण त्या खोदू लागल्या म्हंजी पाणीबी त्यांचं झालं. भावकीला काय सांगू? एका टाक्यावर कसं पाणी भरता, म्हणत्याल."

"काय सांगायचं ते मी सांगते," आत्या म्हणाली. "मेंढरं मेली तर भावकी येती का माती द्यायला? आन् म्हादबा, पाणी लागलं तर त्यांना काय वरून वतायचं का? तसं असंल तर मी नाय जात बोलवायला. मला तोंड नाय."

दादा पडवीच्या छताकडं बघत पडून राहिले. शेवटी ते म्हणाले, "जा. पाणी दोघांचं, म्हनावं. आधी सांग, मग बोलव."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत घळीतून माणसांचा आवाज यायला लागला. शेवंताबाईच्या मागं बाया, चार-सहा गडी, घमेली, टिकाव. आल्याबरोबर त्या कामाला लागल्या नाहीत. आधी आत शिरल्या, जोगीबाबासमोर ओळीनं उभ्या राहिल्या आणि हात जोडून गुडघ्यांवर वाकल्या. मी दादांजवळ उभी होते. दादांनी कोपरावर उठून पाहिलं.

"शेवंता, तुमाला हा म्हाईत हाय?"

"व्हय भाऊ. बुद्ध हायेत. आमचे." मग जरा थांबून तिनं हसून सांगितलं, "तुमचेबी हायेत की. इतकी वर्सं सांभाळलं तुमी."

मग जे दिवस आले ते माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात आनंदाच्या दिवसांतले. पाण्यावाचून घसे कोरडे, अंगभर माती, आणि तरी घळीत जत्रा भरल्यासारखं वाटायचं. गडी खाली उतरून खणायचे, बाया हातोहात घमेली वर द्यायच्या. त्यांची गाणी वेगळी, आत्याच्या ओव्या वेगळ्या. दुपारी शेवंताबाईनं आणलेली येसराची आमटी आणि मायनं केलेल्या भाकऱ्या एकाच फडक्यावर. पहिल्या दिवशी दोन फडकी होती. दुसऱ्या दिवशी एकच होतं, आणि ते कुणी एक केलं हे कुणालाच सांगता आलं नसतं. मातीतून लाल खापरं निघायची, एकदा दगडाची एक वाटी निघाली. ती माय पुढं हळद कुटायला वापरायची. मला मात्र नाद लागला तो टाक्याच्या भिंतींचा. वर दिसणारा सगळा कातळ ऊन-पावसानं गुळगुळीत झालेला, पण मातीखाली झाकलेल्या भिंतीवर छिन्नीचे घाव जसेच्या तसे होते, तिरपे, एकाखाली एक, काल कुणी मारून गेल्यासारखे. त्यांच्यात बोट बरोबर बसायचं. एका जागी ते घाव एकदम उलट्या बाजूला वळले होते. मी तिथं बोट ठेवून विचार करत राहिले, इथं याचा हात भरून आला असेल, यानं छिन्नी दुसऱ्या हातात घेतली असेल. इतिहास नावाचा विषय असतो हे मला शाळेत कळलं होतं. त्यात माणसं असतात, हे त्या भिंतीपाशी कळलं. पुढं शिकायचं वेड लागलं त्याचं मूळ तिथंच आहे, असं मला आता वाटतं. दादांनी शिकवलंही, पण ती हकिकत वेगळी.

बाजाराच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, शेवंताबाईच्या थोरल्या दिरानं पहार मारली आणि आवाज बदलला. तोवर खण्ण-खण्ण होत होतं, तिथं एकदम चप्प असं झालं. सगळे थांबले. खालून गार वास आला. मी त्याला वासच म्हणेन, पाण्याचा वास ज्यानं कोरड्या वर्षी घेतलाय त्याला तो कळतो. दिरानं हातानं चिखल बाजूला केला. भिंतीच्या तळाशी एक फट होती आणि फटीतून करंगळीएवढी धार लागली होती. मायनं पदर तोंडाला लावला.

"निवळू द्या," आत्या म्हणाली. "सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाय."

सकाळी कमरेएवढं पाणी होतं. वरचं पाणी निवळून त्यात कपाळपट्टीचं चित्र पडलं होतं. सगळे भोवती उभे राहिले. आणि तेव्हा मी पाहिलं, शेवंताबाई आणि तिच्याबरोबरच्या बाया दोन पावलं मागं सरकल्या होत्या. घागरी खाली ठेवून उभ्या होत्या. कुणी काही म्हणालं नव्हतं, सवयीनंच पाय मागं गेले होते. आत्याच्या हातात बादली आणि दोर. ती टाक्याच्या कडेला गेली, वाकली, आणि वाकता वाकता तिला ते कळलं. ती सरळ झाली. चालत शेवंताबाईपाशी आली आणि दोर तिच्या हातात दिला.

"वढ."

"तुमी वढा, अक्का. तुमची मेंढरं खोळंबल्यात."

"मेंढरं थांबत्यात. तू वढ."

शेवंताबाईनं दोराकडं पाहिलं. इतक्या वर्षांच्या बाईला बादली सोडता येत नव्हती, दोर बोटांतून भसकन सुटला आणि बादली पाण्यावर आडवी पडून तरंगायला लागली. ती ओशाळून हसली, आत्याही हसली, आणि मग दोघींनी मिळून बादली बुडवली. पहिलं पाणी शेवंताबाईनं पितळी तांब्यात घेतलं, पडवीत दादांकडं नेलं आणि जरा अंतरावर थांबली. दादांनी हात लांब केला. तांब्या घेतला, तोंडाला लावून प्यायले, अर्धा ठेवला, आणि मला हाक मारली. "सुभे, घे. गोड हाय."

गोड होतं. दगडाच्या चवीचं, गार, आणि गोड.

बाजार झाल्यावर यूसुफचाचा टेम्पो घेऊन पठारावर आले. दरड उतरून खाली येतात तो मेंढरं टाक्याशेजारी मांडलेल्या पाण्याच्या डोणीला तोंड लावून उभी. चाचांनी टोपी काढली, घाम पुसला, सगळ्यांकडं एकेक करून पाहिलं.

"चाचा, हेलपाटा झाला तुमाला," दादा म्हणाले.

"झाला तो झाला! ऐसा हेलपाटा रोज होऊ दे." ते टाक्याकडं गेले, वाकून पाहिलं, आणि ओंजळभर पाणी डोक्यावर ओतून घेतलं. मग रिकाम्या टेम्पोत शेवंताबाईच्या वाड्यातल्या घागरी भरून घेतल्या आणि खालच्या गावापर्यंत स्वतः पोचवून आले.

भावकी पावसाच्या तोंडावर परतली तेव्हा थोडी कुजबुज झालीच. एका घरानं पुढचा पावसाळा दुसऱ्या डोंगराला काढला. दादांना त्याचं वाईट वाटलं, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही आणि शब्दही मागं घेतला नाही.

पण त्याच्या आधी वैशाखाची पौर्णिमा आली. शेवंताबाईनं निरोप पाठवला, की शहरातून एक भन्ते, म्हणजे बौद्ध भिक्खू, येणार आहेत, इथं वंदना करायची आहे, चालेल का? आत्या म्हणाली, विचारायचं काय त्यात. बाया आदल्या दिवशी येऊन आत झाडून गेल्या, मूर्ती धुतली. काजळी निघाल्यावर जोगीबाबाच्या चिवराच्या बारीक चुण्या दिसायला लागल्या आणि दादा म्हणाले, एवढी वर्षं आपण त्यांना उघडंच समजत होतो. आमच्या शेळ्यांचं दूध आणि टाक्याचं पाणी घालून मोठ्या पातेल्यात खीर रटरटत होती. भन्ते उंच, सावळे, पन्नाशी ओलांडलेले. पठारावरून एवढी घळ उन्हात उतरून आले होते. त्यांनी वंदना म्हटली, तेव्हा त्यांचा आवाज खांबाखांबाला लागून परत आला आणि असं वाटलं, की हा दिवाणखाना आमच्या बोलण्यासाठी नाही, याच आवाजासाठी कोरलेला आहे.

जेवणं झाली. बाया बाहेर सावलीत पांगल्या. दादा आता काठी टेकत चालायला लागले होते. ते काहीतरी बघायला आत गेले आणि लगेच दारातून मागं फिरले. मला बोट ओठांवर ठेवून खुणावलं. मी डोकावले. डाव्या हाताच्या खोलीत, जिथं आम्ही कोकरं कोंडायचो, तिथं कातळातूनच कोरून काढलेला एक लांब ओटा होता. त्या ओट्यावर भन्ते कुशीवर झोपले होते, हात उशाला घेऊन. पाय बरोबर ओट्याच्या टोकाशी संपत होते. त्यांच्या मापानंच कुणी तो कोरला असावा.

तेवढ्यात आत्या मेंढरं पाण्यावर घेऊन वळणावर आली. घंट्यांचा आवाज घळीत शिरला. दादा काठी टेकत, लंगडत, जमेल तेवढ्या घाईनं अंगणात गेले आणि दोन्ही हात हलवून तिला थांबवलं.

"काय झालं रं?"

"हळू," दादा म्हणाले. "वरच्या अंगानं ने. घरधनी निजल्यात."

आत्यानं आत पाहिलं. मग काही न विचारता पुढच्या मेंढीच्या गळ्यातली घंटा मुठीत धरली आणि सगळा कळप लांबच्या वाटेनं वळवला.